रागावरची गोळी मिळेल का?

सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात एक मागणी वारंवार कानावर पडते. केसपेपर बाईच्या नावाचा असतो. तक्रार झोप न लागण्याची, छातीत धडधडण्याची किंवा डोके दुखण्याची. तपासणी होते, औषधे लिहून होतात आणि उठता उठता ती हळूच विचारते, "डॉक्टर, आमच्या ह्यांच्यासाठी रागावरची एखादी गोळी मिळेल का? चहातून देता येईल अशी." कधी हीच मागणी घेऊन पुरुषाची आई येते. "मनाने वाईट नाही हो माझा मुलगा. पण राग आला की भान राहत नाही त्याला. सुनेवर हात उचलतो."

या मागणीमागे एक पक्का समज आहे. पुरुषाचे रक्तच गरम, त्याला राग जास्त येणार आणि राग अनावर झाला की हात उठणार. म्हणजे मारहाण हा एक आजारच झाला, आणि आजाराला औषध असायलाच हवे. घरोघरी हे गणित मान्य आहे. मार खाणारीलाही ते पटते, कारण नवरा जाणूनबुजून मारतो असे मानण्यापेक्षा तो आजारी आहे असे मानणे सोपे जाते. गेल्या काही दशकांतल्या संशोधनाने मात्र या गणिताची एकेक पायरी तपासून पाहिली आहे आणि जवळपास प्रत्येक पायरी डळमळीत निघाली आहे.

आधी चहातल्या गोळीबद्दल. माणसाला न सांगता औषध देणे धोक्याचे असते. दारू सोडवण्यासाठी वापरले जाणारे डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतली, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब एकदम घसरतो आणि प्रसंगी जीवही जातो. म्हणून ते माहिती देऊन, संमती घेऊन आणि तपासण्या करूनच दिले जाते. 'नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून घरच्या घरी असले प्रयोग करू नयेत.

मोरीत पाय घसरला

मारहाणीची नोंद केसपेपरवर क्वचितच तिच्या नावाने होते. "मोरीत पाय घसरला", "जिन्यावरून पडले", "कपाटाचे दार लागले" ही कारणे अपघात विभागातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना पाठ झालेली असतात. शरीर मात्र वेगळे सांगते. घसरून पडणारा माणूस हात टेकतो, त्यामुळे तळहात, मनगट, कोपर, गुडघे खरचटतात. मारहाणीच्या खुणा चेहरा, डोळ्याभोवतीचा भाग, मान, छाती, पोट आणि पाठ यांवर जास्त आढळतात. फटका चुकवायला हात आडवा धरला की कोपर ते मनगट या भागातले, करंगळीच्या बाजूचे हाड मोडते. जोराच्या थपडेने कानाचा पडदा फाटतो. काही वळ ताजे, काही जुने असतात. दुखापतीनंतर दोन-तीन दिवसांनी बाई दवाखान्यात येते आणि तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे सोबतचा माणूसच देत राहतो. यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. पण तीन-चार खुणा एकत्र दिसल्या, तर डॉक्टरने थांबून विचारायला हवे.

गळा दाबण्याची घटना यात सर्वांत गंभीर. अनेकदा बाहेरून एकही वळ दिसत नाही. आवाज घोगरा होतो, गिळताना दुखते, डोळ्यांत रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. घशातली सूज काही तासांनीही वाढू शकते, म्हणून अशा बाईला तपासून लगेच घरी पाठवू नये. अमेरिकेतल्या एका अभ्यासात, जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेल्या स्त्रीचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता, मारहाण सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत सात पटींनी जास्त आढळली. "नुसता गळा धरला होता, लगेच सोडला" हे वाक्य घरच्यांनी आणि डॉक्टरांनी कधीही हलक्यात घेऊ नये.

बरेचसे परिणाम तर एक्स-रेमध्येही दिसत नाहीत. सततची डोकेदुखी, ओटीपोटातले दुखणे, पित्त, झोप न लागणे, अचानक घाबरे होणे अशा तक्रारी घेऊन बाई वर्षानुवर्षे दवाखाने बदलत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट असते. गर्भपात आणि मुदतपूर्व प्रसूती यांचे प्रमाणही जास्त असते. कीटकनाशक किंवा फिनेल पिऊन आलेल्या तरुण विवाहितेच्या पोटातले विष धुऊन काढले जाते, तिचा जीव वाचतो. पण ते तिने का घेतले, हे नीट विचारले नाही तर ती त्याच घरात, त्याच प्रसंगात परत जाते.

हे प्रकार तुरळक नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयोगटातल्या विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते, म्हणजे चौघींत एक. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रियांनी मदत तर मागितली नव्हतीच, कोणाजवळ वाच्यताही केली नव्हती.

दोष टेस्टोस्टेरॉनचा?

आता त्या गणिताकडे वळू. पहिली पायरी म्हणजे 'पुरुषाचे रक्तच तसे'. रक्तात काही असेल तर ते टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक. ते पुरुषात जास्त असते, स्त्रीमध्येही थोडे असते. दाढी-मिशा, स्नायू, आवाज, कामेच्छा यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. आक्रमकपणाशी असलेला त्याचा संबंध मात्र माणसांमध्ये अगदी क्षीण आढळतो. शिवाय तो उलट दिशेनेही चालतो. स्पर्धा, सामना, चुरस असेल तेव्हा टेस्टोस्टेरॉनची पातळी वाढते. म्हणजे संप्रेरक वागण्याला वळण देते तसे वागणेही संप्रेरकाला वर-खाली करते.

स्वित्झर्लंडमधल्या झुरिक येथील संशोधकांनी केलेला एक प्रयोग 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. शंभराहून अधिक स्त्रियांपैकी काहींना टेस्टोस्टेरॉनचा एक डोस आणि काहींना दिसायला तसेच, पण औषध नसलेले द्रव्य देण्यात आले. कोणाला काय मिळाले हे त्यांना माहीत नव्हते. मग त्यांना पैशांच्या वाटणीचा एक खेळ खेळायला सांगितले. ज्यांना खरोखर टेस्टोस्टेरॉन मिळाले होते, त्यांनी समोरच्याला जास्त न्याय्य वाटा देऊ केला. पण आपल्याला टेस्टोस्टेरॉन मिळाले आहे असे ज्यांना वाटत होते, त्या स्वार्थीपणाने वागल्या. त्यांना प्रत्यक्षात काय मिळाले होते याचा त्यावर परिणाम नव्हता. या संप्रेरकाने माणूस आडदांड होतो, हा समजच त्यांना आडदांड करून गेला.

दुसरा अभ्यास फिलिपिन्समधल्या सेबू शहरातला. तिथल्या ६२४ तरुणांचे टेस्टोस्टेरॉन २००५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये मोजले गेले. मधल्या काळात जे बाप झाले, त्यांची पातळी इतरांपेक्षा जास्त उतरली होती. त्यांच्यातही जे रोज तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ मुलाची देखभाल करत होते, त्यांची पातळी सर्वांत कमी होती. लेकराला आंघोळ घालणे, भरवणे, झोपवणे हे 'बायकी काम' मानले जाते. पण पुरुषाच्या शरीराची घडण या कामाच्या विरोधात नाही; ते काम हाती घेतले की शरीर त्याच्याशी जुळवून घेते.

आपल्या शेजारीही याची साक्ष आहे. त्याच सर्वेक्षणात पतीकडून हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण गोव्यात ८.३ टक्के, महाराष्ट्रात २५.२ टक्के आणि कर्नाटकात ४४.४ टक्के नोंदले गेले. स्त्रिया किती मोकळेपणाने सांगतात यावर अशा आकड्यांत थोडाफार फरक पडतो, हे खरे. तरीही सीमा ओलांडली की पुरुषांचे संप्रेरक बदलत नाही. बदलते ते भोवतालचे वातावरण.

दारू आणि 'तापट' स्वभाव

दुसरी पायरी दारूची. दारू आणि मारहाण यांचा संबंध नि:संशय आहे. सर्वेक्षणानुसार ज्यांचे पती वारंवार दारूच्या नशेत असतात, अशा स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी हिंसा सोसली आहे. दारूमुळे मेंदूच्या पुढच्या भागाचे नियंत्रण ढिले पडते, हे वैद्यकीय सत्य आहे आणि दारूचे व्यसन हा उपचार करता येणारा आजार आहे. पण याच सर्वेक्षणात दारूला स्पर्शही न करणाऱ्या पतींच्या बायकांमध्ये हिंसा सोसलेल्यांचे प्रमाण सुमारे २३ टक्के आहे. दारूने मारहाण वाढते. दारू नसली तरी ती होतेच. म्हणून व्यसनमुक्तीचे उपचार जरूर घ्यावेत, मात्र बाटली सुटली की हातही आपोआप थांबेल असे गृहीत धरू नये.

तिसरी पायरी 'भान राहत नाही' ही. इथे कोणत्याही तपासणीची गरज नाही, साधे निरीक्षण पुरते. भान हरपणारा हा माणूस कामावर मुकादमाचे बोलणे मुकाट्याने ऐकून घेतो. नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली तर हात जोडतो. दारात पाहुण्यांची चाहूल लागली की उगारलेला हात खाली येतो आणि आवाज बदलतो. कधी कधी फटके पदराखाली, बाह्यांखाली झाकले जातील अशा जागी बसतात. रागाच्या भरात फुटतो तो बायकोचा मोबाइल, स्वतःचा शाबूत राहतो. कोणावर, कुठे, किती आणि कोणादेखत हे सगळे ज्याला कळते, त्याचे भान गेलेले नसते.

याला अपवाद आहेत आणि ते ओळखणे महत्त्वाचे आहे. उन्माद, तीव्र मनोविकार, मेंदूला झालेली इजा, वृद्धापकाळातला स्मृतिभ्रंश यांत माणूस खरोखरच अनावर होऊ शकतो. अशा वेळी तो माणूस पाहून वागत नाही. शेजारी, पोलीस, डॉक्टर, स्वतःची आई यांपैकी कोणीही त्याच्या तडाख्यात सापडते, आणि सोबत झोप, बोलणे, वागणे यांतही ठळक बदल झालेला दिसतो. बायकोच्या चारित्र्याबद्दल कोणत्याही पुराव्याने न फिटणारा संशय हाही एक आजार असू शकतो. दीर्घकाळच्या दारूबाजांमध्ये तो आढळतो आणि त्यातून खून झाल्याची उदाहरणे आहेत. इथे गोळी आहे, उपचार आहे, आणि उशीर करू नये. मात्र मारहाण करणाऱ्या बहुसंख्य पुरुषांना यांपैकी कोणताही आजार नसतो.

शिकवलेला धडा

मग मारहाण येते कुठून? हा प्रश्न थेट पुरुषांनाच विचारला गेला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बांगलादेश, श्रीलंका, चीन, कंबोडिया, इंडोनेशिया आणि पापुआ न्यू गिनी या सहा देशांतल्या सुमारे १०,००० पुरुषांशी, नाव उघड होणार नाही अशा पद्धतीने, संवाद साधला गेला. एखाद्या स्त्रीवर जबरदस्ती केल्याचे ज्यांनी कबूल केले, त्यांना कारण विचारले. सर्वांत जास्त जणांनी दिलेले कारण होते हक्काचे: मला हवे होते आणि ते घेण्याचा मला अधिकार होता. राग आणि दारू ही कारणे त्याच्या बरीच मागे होती.

'हक्क' हा शब्द आपल्या सर्वेक्षणातही वेगळ्या रूपाने दिसतो. नवऱ्याने बायकोला मारणे योग्य ठरते का, असे विचारताना त्यात सात कारणे दिली होती. ती न सांगता बाहेर गेली, घराकडे-मुलांकडे दुर्लक्ष केले, उलट बोलली, शरीरसंबंधाला नकार दिला, स्वयंपाक नीट केला नाही, तिच्या चारित्र्याचा संशय आला, सासू-सासऱ्यांचा मान ठेवला नाही. यांपैकी किमान एका कारणासाठी मारणे योग्य, असे ४४ टक्के पुरुषांना वाटले. आणि ४५ टक्के स्त्रियांनाही. ही यादी नीट पाहिली तर रागाची कारणे म्हणून जे सांगितले जाते, ती प्रत्यक्षात बायकोच्या कामाची आणि मर्यादेची नियमावली आहे. नियम मोडला की शिक्षा, आणि शिक्षा देणारा तो. त्याच्या रागाला हे नियमच परवाना देतात.

हा धडा कोणी वर्गात बसवून शिकवत नाही. पडलेल्या मुलाला "मुलगा असून रडतोस?" म्हणतात. बहिणीला ताट उचलायला सांगतात, भाऊ तसाच उठतो. "बांगड्या भरल्यात का?" ही शिवी होते. लग्न ठरल्यावर मित्र "पहिल्यापासून धाकात ठेव" असा सल्ला देतात. आईवर वडिलांचा हात उठताना पाहिलेल्या घरांत पुढच्या पिढीतही हिंसेचे प्रमाण जास्त आढळते, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. असे पाहिलेला प्रत्येक मुलगा मारकुटा होतो असे मुळीच नाही. कित्येक जण तेच पाहून "मी असा होणार नाही" असे ठरवतात. म्हणजे तिथेही निवड आहेच.

पुरुषही किंमत मोजतात

या धड्याचा मोठा भार स्त्रिया सोसतात. पण तो गिरवणाऱ्यांचीही त्यातून सुटका होत नाही. दुखणे सांगणे म्हणजे कमजोरी, असे शिकलेला पुरुष छातीतली कळ दोन दिवस अंगावर काढतो. मनातले बोलायला त्याच्याजवळ कोणी नसते. जी बोलू शकली असती, तिला त्याने धाकात ठेवलेले असते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या आणि त्यांत सुमारे ७२ टक्के पुरुष होते. त्यामागे कर्ज, आजार, व्यसन, घरातले ताण अशी अनेक कारणे असतात. पण 'पुरुषाने मदत मागायची नसते' हा समज त्या प्रत्येक कारणाची धार वाढवतो.

कुटुंबनियोजनाचेच पाहा. सर्वेक्षणानुसार देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष-नसबंदीचे ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया भूल देऊन सुन्न केलेल्या छोट्याशा जागी, बिनटाक्याची, काही मिनिटांत होते. स्त्रीच्या शस्त्रक्रियेत पोट उघडावे लागते. तरीही "ताकद जाईल" या भीतीने ओझे तिच्यावरच टाकले जाते. नसबंदीने टेस्टोस्टेरॉन घटत नाही, कामेच्छा जात नाही, अंगमेहनतीची क्षमता कमी होत नाही. पुरुषपण अशा नसेत नसते, हे सांगूनही पटत नाही. इतका तो धडा खोल गेलेला आहे.

शिकलेले बदलता येते

धडा शिकवलेला असेल तर नवा धडाही शिकवता यायला हवा. तो शिकवता येतो का, याची चाचणी औषधांच्या चाचणीसारख्याच काटेकोर पद्धतीने झाली आहे.

आफ्रिकेतल्या रवांडा या देशात 'बंदेबेरेहो' नावाचा कार्यक्रम होणाऱ्या आणि नव्याने झालेल्या बापांसाठी राबवला गेला. गावातल्याच बापांनी चालवलेल्या पंधरा बैठका, त्यांतल्या काही बैठकांना बायकोही हजर. विषय साधे: गरोदरपणात काय काळजी घ्यायची, बाळाला कसे सांभाळायचे, घरचे निर्णय दोघांनी कसे घ्यायचे, भांडण हात न उगारता कसे मिटवायचे. सुमारे १,२०० जोडप्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने दोन गटांत विभागणी केली होती. २१ महिन्यांनी स्त्रियांना विचारले, तेव्हा बैठकांना न गेलेल्या गटात ५७ टक्के जणींनी आदल्या वर्षभरात मारहाण झाल्याचे सांगितले; बैठकांना गेलेल्या गटात ३३ टक्के जणींनी. सहा वर्षांनी पुन्हा पाहणी केली, तेव्हाही दोन गटांतला फरक टिकून होता.

भारतात हरियाणाच्या ३१४ सरकारी शाळांत सातवी-आठवीच्या सुमारे १४,००० मुलामुलींबरोबर असाच प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या शाळांत अडीच वर्षे, अधूनमधून एक तास, मुलगा-मुलगी भेदावर गप्पा, खेळ आणि चर्चा. या शाळांतल्या मुलांची मते जास्त समतेची झाली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तशीच राहिली. वागण्यातला बदल मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक दिसला; ते घरकामात जास्त हात लावू लागले. मुलींची मते बदलली तरी घरचे बंधन आड येते, मुलग्याला मात्र ताट उचलायला कोणाची परवानगी लागत नाही.

मुंबईत हे काम जुने आहे. १९९१ मध्ये बायकोला मारणे चूक आहे असे मानणाऱ्या पुरुषांना साद घालणारी एक जाहिरात वृत्तपत्रात आली. तिला प्रतिसाद देणाऱ्यांतून १९९३ मध्ये 'मावा' ही पुरुषांची संस्था उभी राहिली. हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी तेव्हापासून महाविद्यालयीन तरुणांबरोबर याच विषयावर काम करत आहेत. पालिकेच्या शाळांत मुलामुलींच्या समतेचा उपक्रम झाला. क्रिकेटच्या प्रशिक्षकांनाही मैदानावर मुलांशी स्त्रियांच्या सन्मानाबद्दल बोलायला शिकवले गेले.

विचारायचे कसे, जायचे कुठे

रुग्णालयाची जबाबदारी यात मोठी आहे, कारण पोलिसांकडे न जाणारी बाईसुद्धा कधी ना कधी दवाखान्यात येते. २००० च्या सुमारास मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' या संस्थेने मिळून 'दिलासा' केंद्र सुरू केले. रुग्णालयातच समुपदेशक बसू लागल्या, डॉक्टर-परिचारिकांना खुणा ओळखायला शिकवले गेले. पुढे हे काम इतर रुग्णालयांतही पोहोचले.

विचारण्याची एक पद्धत आहे, आणि ती शेजारणीला, मैत्रिणीला, आशाताईलाही उपयोगी पडेल. एकटीला गाठून विचारावे; नवऱ्यासमोर, सासूसमोर कधीच विचारू नये. "घरी सगळं ठीक ना?" असे विचारले की "हो" असेच उत्तर येते. त्यापेक्षा "ताई, अशी दुखापत मारहाणीतही होते. घरी कोणी हात उचलतं का?" असे सरळ, पण हळुवार विचारावे. तिने सांगितले तर विश्वास ठेवावा. "तुमची यात काही चूक नाही" हे वाक्य तिने बहुधा कोणाकडूनही ऐकलेले नसते. "थोडं सहन करा", "तुम्ही काय बोललात त्यांना?" ही वाक्ये टाळावीत. मारहाण वाढली आहे का, गळा दाबला का, जिवे मारण्याची धमकी आहे का, ती गरोदर आहे का, हे विचारावे. उत्तर 'हो' असेल तर धोका मोठा आहे. अशा वेळी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई केली, तर घरी गेल्यावर त्याची शिक्षा तिलाच भोगावी लागते. महत्त्वाची कागदपत्रे, थोडे पैसे, एक खात्रीचे घर आणि एक फोन नंबर यांची तयारी आधीपासून असावी.

डॉक्टरने तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, कोणी मारले यासह लिहावे; पुढे न्यायालयात तोच कागद बोलतो. बाईनेही केसपेपरची प्रत जपून ठेवावी. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाच मानतो, तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो आणि मागणी केल्यास वैद्यकीय मदत देणे रुग्णालयांवर बंधनकारक करतो. त्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. तातडीसाठी ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१०० हे क्रमांक आहेत. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये निवारा, समुपदेशन आणि पोलीस-वकिलांची मदत एका जागी मिळते.

आणि पुरुषांसाठी? मन मोकळे करायला १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक त्यांच्यासाठीही आहे, व्यसनमुक्तीचे उपचार सरकारी रुग्णालयांत आहेत. पण सुरुवात भाषेपासून करावी लागते. मारहाणीबद्दल विचारले की पुरुष सहसा म्हणतो, "राग आला आणि हात उठला." जणू राग बाहेरून आला, हात आपला आपण उठला आणि तो स्वतः बाजूला उभा राहून पाहत होता. समुपदेशनात पहिली काही सत्रे हे एक वाक्य बदलण्यातच जातात. "मी चिडलो होतो आणि मी तिला मारलं" असे जो म्हणू शकतो, त्याच्याशी पुढचे बोलता येते: पुढच्या वेळी चिडशील तेव्हा काय करशील?